पोलीस येईपर्यंतची वीस मिनिटं आणि नंतरचे चोवीस तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतल्या एका २७ वर्षांच्या मुलाने मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या, रात्री-अपरात्री ओरडू लागला आणि गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खोलीत कोंडून बसला. कुणीतरी ११२ लावला. पोलीस यायच्या आत वॉचमन आणि चार पोरांनी दार तोडून त्याला दोरीने बांधलं. पोलिसांनी त्याला चौकीत नेलं, पहाटेपर्यंत बाकावर बसवलं आणि सकाळी वडिलांच्या ताब्यात दिलं. आता कमिटीला ठरवायचंय की पुढच्या वेळी पोलिसांना बोलवायचं की नाही. शिवाय काही सभासदांना हे कुटुंब सोसायटीतूनच हलवायचं आहे.

पोलिसांना बोलवावं की नाही, हा इथला खरा प्रश्न नाही. सुरी हातात होती, फोन करणं बरोबरच होतं. बिघडलं ते दोन टोकांना. पोलिसांच्या आधी गर्दी पोचली, आणि पोलिसांनंतर दवाखाना आलाच नाही. ही दोन्ही टोकं वस्तीच्या आवाक्यातली आहेत.

आधी एक गोष्ट मान्य करतो. सगळ्या ठिकाणी एकच उत्तर चालत नाही. सिव्हिल हॉस्पिटल दहा मिनिटांवर असलेलं शहर आणि तालुक्याच्या गावापासून ४० किलोमीटर आत असलेली वाडी यांत फरक आहे. घरात धडधाकट माणसं आहेत की एकटी म्हातारी आई आहे, यानेही निर्णय बदलतो. त्या माणसाला आधीपासून निदान आणि डॉक्टर आहे की हे पहिल्यांदाच घडतंय, यानेही. तरी क्रम बहुतेक ठिकाणी तोच राहतो.

पहिलं काम म्हणजे हा प्रकार नक्की कशातला आहे ते ओळखणं. अंगावर शहारे येतील असं बोलणं, रात्रभर फेऱ्या मारणं, शेजाऱ्यांवर संशय घेणं, देव अंगात आल्यासारखं वागणं, हे सगळं बघणाऱ्याला भयंकर वाटतं; पण एवढ्यावरून आत्ता कुणाच्या जिवाला धोका आहे असं होत नाही. अशा वेळी घरच्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टर नसतील तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी स्वतःसाठीही लावावा, आजारी माणूसच बोलायला हवा असं नाही. पोलिसांचा फोन यासाठी नाही. तो करायचा ते प्रसंग वेगळे: हत्यार हातात, गच्चीचा कठडा, गॅसचा नळ उघडा, पेटवून घ्यायची तयारी, कुणावर तरी प्रत्यक्ष चाल. हे असेल तर ११२, आणि तेही लगेच. विष किंवा गोळ्या पोटात गेल्या असतील तर १०८. त्या माणसाला उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, बाटली किंवा रिकामी पाकिटं सोबत घ्या. कीटकनाशक घेतलेला माणूस पहिला तासभर ठीकठाक दिसू शकतो, त्यावर विसंबून घरी थांबू नका.

इथे एक फसगत नेहमी होते, म्हणून जरा थांबून सांगतो. वेडाचा झटका म्हणून ज्याला धरून आणतात, त्यातली बरीच माणसं मनोविकाराची नसतातच. मधुमेहाची साखर खाली गेली की माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, अंगावर येतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात. ही जिवावरची अवस्था आहे. फिट येऊन गेल्यावर थोडा वेळ माणूस भानावर नसतो आणि धरायला जाणाऱ्याला ढकलतो. म्हातारं माणूस काल संध्याकाळपर्यंत बरं होतं आणि आज घरच्यांना ओळखत नाही, तर लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा डोक्याला लागलेला मार आधी शोधायचा. खूण साधी आहे: बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालाय, ताप आहे, शुद्ध कमी-जास्त होतेय, किंवा आधी कधीच असं काही नव्हतं. अशा माणसाला मनोरुग्णालयात नव्हे, साध्या इस्पितळाच्या अपघात विभागात न्यायचं. त्यासाठी १०८.

तुमच्या शेजारच्या मुलाचं तसं दिसत नाही. गोळ्या बंद केल्या की दुसऱ्या दिवशी बिघडतं असं नसतं. आठवडे, कधी महिने जातात. त्यामुळे घरच्यांना वाटतं की गोळ्यांवाचून चाललंय की. पहिल्यांदा साधारण झोप जाते. सलग तीन-चार रात्री झोप नाही, हा फोन करायचा खरा क्षण. तेव्हा डॉक्टरांकडे नेलं तर सुरीपर्यंत बहुधा गोष्ट जात नाही. एवढं मात्र करू नका: चहात गोळी मिसळणं, किंवा बिघडलंय म्हणून आपल्या मनाने दुप्पट डोस देणं. लिथियमसारखं औषध जास्त झालं तर त्याचीच विषबाधा होते.

आता फोन. ११२ वर काय सांगितलं जातं त्यावर पोलीस काय समजून येतात ते ठरतं. 'एक मेंटल माणूस चाकू घेऊन धावतोय, लवकर या' असं ऐकलेला शिपाई मारामारीच्या तयारीनेच जिना चढणार, त्यात त्याचा काय दोष? त्याऐवजी असं सांगा: 'मानसिक आजाराचे उपचार चालू असलेला २७ वर्षांचा मुलगा आहे. एकटाच खोलीत आहे, दार आतून बंद. हातात भाजीची सुरी आहे. अजून कुणावर चाल केलेली नाही. घरातली बाकीची माणसं बाहेर आहेत. तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद आहेत. गाडी गेटजवळ आली की सायरन बंद करा. गेटवर आमचा माणूस उभा असेल. त्याला दवाखान्यात न्यायचं आहे, रुग्णवाहिकाही लागेल.' हत्यार असेल तर ते लपवू नका; पोलिसांना बेसावध आणणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. संकटातली व्यक्ती बाई असेल तर महिला पोलीस हव्यात, हेही आत्ताच सांगायचं.

फोन झाला की सुरू होतात ती वीस मिनिटं. या वेळात वस्तीने करायचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे वस्तीला तिथून हटवणं. जिन्यात तीस माणसं, वर धरलेले मोबाइल, मागून कुणीतरी 'येरवड्याला पाठवा' म्हणून ओरडतंय, कुत्रं भुंकतंय. ज्याला आधीच वाटतंय की सगळे आपल्यावर टपलेत, त्याच्यासाठी हा पुरावाच झाला. दोन माणसांचं काम फक्त लोकांना घरात पाठवणं एवढंच ठेवा. तिसऱ्याने गेट सांभाळावं. चौथ्याने गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करता येतो का बघावं. पण त्यासाठी त्याच्या जवळून जावं लागत असेल तर सोडून द्या.

बोलणारा माणूस एकच. सगळ्यांत मोठा किंवा कमिटीचा अध्यक्ष म्हणून नाही, तर तो मुलगा ज्याचं ऐकतो तो. पुष्कळदा आईवडील त्यासाठी चुकीचे असतात, कारण भांडण त्यांच्याशीच झालेलं असतं. कधी मामा, कधी क्रिकेट खेळणारा मित्र, कधी खालचा इस्त्रीवाला. हाताच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं, सुरी असेल तर त्याहून बरंच लांब किंवा दाराच्या पलीकडे. थोडं तिरकं, हात दिसतील असे. त्याची बाहेर पडायची वाट अडवायची नाही आणि आपलीही मोकळी ठेवायची. आवाज खाली. वाक्य लहान. एक वाक्य बोलून गप्प बसायचं, उत्तराला वेळ द्यायचा. डोक्यात आवाज ऐकू येत असताना बाहेरचं बोलणं पोचायला वेळ लागतो, आणि आपण त्या शांततेला घाबरून दुसरा प्रश्न फेकतो.

भ्रमाशी वाद घालायचा नाही, हो ला हो पण मिळवायची नाही. 'कोण नाहीये रे तिथे, उगाच काय!' म्हटलं की तुम्ही शत्रू झालात. 'हो, मलाही दिसतोय तो' म्हटलं की तुम्ही खोटारडे. मधला रस्ता आहे: 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तू घाबरलायस ते कळतंय. मी इथेच बसतो.' जीव द्यायचा विचार आहे का, असं सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. सुरी 'दे इकडे' म्हणू नका, हातातून घ्यायची वेळ येते ती तिथेच. 'ओट्यावर ठेव, मी पुढे येणार नाही' असं म्हणा. आणि फसवू नका. 'चल, जरा फिरून येऊ' म्हणून गाडीत घातलेला माणूस पुढच्या वेळी दार उघडत नाही.

घाई कशाची असते ते मला कळतं. सगळ्यांना हे संपवायचं असतं. पण तो एकटा बंद खोलीत आहे आणि स्वतःला इजा करत नाहीये, तोवर वेळ तुमच्या बाजूने आहे. माणूस दमतो, तहान लागते. दार तोडणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तो पोलिसांवर सोडायचा.

धरावंच लागलं तर एक धोका डोक्यात पक्का ठेवा. पालथं पाडून पाठीवर बसलेला माणूस म्हणजे श्वास कोंडणं. झटापटीनंतर अचानक शांत झाला, याचा अर्थ शांत झाला असा नसतो. श्वास थांबलेला असू शकतो. एका कुशीवर ठेवा, छाती-पाठ-मानेवर कुणाचाही भार नको, एकाने फक्त श्वास आणि चेहऱ्याचा रंग बघत राहायचं. दोरी नको. मनगटावर आवळलेली दोरी रक्त अडवते. साखळी तर कायद्यानेच बंद आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी गावात मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला आग लागली तेव्हा साखळदंडात बांधलेले २८ जण पळू न शकल्यामुळे मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९५ कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करतं.

आता पोलीस आले. गेटवरच्या माणसाने एका मिनिटात एवढंच सांगायचं: नाव, आजार, हातात काय आहे, आत आणखी कोण आहे, आत्ता त्याच्याशी कोण बोलतंय, कशाने तो बिथरतो. चालू असलेलं बोलणं तोडू नका अशी विनंती करा. काठ्या खाली, एकच गणवेशातला माणूस समोर, बाकीचे जिन्याच्या वळणावर, हे शांतपणे मागितलं तर बरेचदा मिळतं. हुज्जत घालून मागितलं तर मिळत नाही.

यापुढे कायदा माहीत असणं कामी येतं, कारण ठाण्यात तो सगळ्यांना पाठ असतोच असं नाही. २०१७ चा हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला, तसंच स्वतःची काळजी घेता न येणाऱ्या आणि भटकत असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. संरक्षणात, अटकेत नव्हे. का घेतलं ते त्याला सांगायचं. त्याला समजत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला. लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. तपासून दाखल करायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, तर पोलिसांनीच त्याला घरी सोडायचं. बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात, आणि हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांना शोधायचं कामही ठाण्याचं.

म्हणजे तुमच्याकडे चौकीतून थेट वडिलांच्या ताब्यात दिलं, तिथे मधली तपासणीची पायरीच गळली. असं होतं त्यामागे दुष्टावा क्वचितच असतो. रात्रपाळीला दोन शिपाई, गाडी एक, आणि सिव्हिलला नेलं तर 'आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, बेड नाही, कोर्टाची ऑर्डर आणा' हे ऐकायची खात्री. ऑर्डरची ही सवय १९८७ च्या जुन्या कायद्यातली आहे. तेव्हा दाखल करायला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश हा नेहमीचा मार्ग होता. आता कलम १०० मधल्या तपासणीला आदेश लागत नाही. ती करवून घेण्याची जबाबदारी त्या संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर आहे, आणि संस्था म्हणजे मनोरुग्णालयच असं नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ही पुढची पायरी झाली. पहिली पायरी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय. तातडीच्या वेळी कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, जास्तीत जास्त ७२ तास उपचार देऊ शकतो. त्यात मनोरुग्णालयापर्यंत पोचवणंही येतं. नंतर स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्याआधी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

म्हणून वस्तीतल्या एकाने पोलिसांच्या गाडीमागे हॉस्पिटलपर्यंत जावं. कुरकुर करायला नव्हे, कागद घेऊन. आधार कार्ड, जुनी चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं, कशाची ॲलर्जी, आणि प्रतिनिधी नेमल्याचं पत्र. ते पत्र साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यासह चालतं. स्टॅम्पपेपर लागत नाही. ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद झाली का आणि किती वाजता झाली, एवढं विचारून ठेवा, कारण २४ तास तिथून मोजायचे. मोफत वकिलाचा हक्क त्याला आहे आणि तो हक्क सांगण्याचं काम कलम २७ ने पोलिसांवरही टाकलंय.

जीव द्यायच्या प्रयत्नाबद्दल घरचे घाबरतात की गुन्हा दाखल होईल, आणि त्यापायी दवाखान्यात खोटं सांगतात. कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली येतो. तेव्हा डॉक्टरांना काय घेतलं, किती घेतलं ते खरं सांगा.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या पोलिसांनी १९८८ मध्ये मानसिक संकटातल्या माणसांसाठी वेगळं पथक सुरू केलं, त्याची नक्कल पुढे पुष्कळ शहरांनी केली. सगळे त्यातल्या ४० तासांच्या प्रशिक्षणाबद्दल बोलतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: एक इस्पितळ ठरलेलं असतं, ते पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत पाठवत नाही आणि शिपायाला लवकर मोकळं करतं. ते दार पक्कं नसेल तर कितीही शिकवलेला पोलीस शेवटी चौकीतच आणून बसवणार.

तुम्हाला शहर चालवायचं नाही, पण हे दार आधी ठोठावून बघता येतं. कमिटीतल्या दोघांनी एका सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जावं आणि विचारावं: रात्री दहानंतर कलम १०० खाली पोलिसांनी माणूस आणला तर कुठल्या दाराशी, कुणी घ्यायचं? तज्ज्ञ कोणत्या वारी असतात? बेड नसेल तर पुढे कुठे आणि कुठल्या गाडीने? मग ती उत्तरं घेऊन ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांना आणि तुमच्या बीट अंमलदाराला भेटा. तक्रार म्हणून नको. 'साहेब, पुढच्या वेळी तुमच्या माणसांचा वेळ वाचावा म्हणून' असं सांगा. गावात हेच काम पोलीस पाटील आणि आशाताईंना धरून करायचं.

राहिला घर खाली करण्याचा अर्ज. तो लिहू नका. समाजात राहण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार मोडतो. व्यवहारातही ते उलटतं: घर जाईल म्हटल्यावर घरचे आजार लपवतात, मग तुम्हाला झोप गेल्याचं कळत नाही, सुरी निघाल्याचंच कळतं. उलट घरच्यांनीच कुणाला डांबून, उपाशी ठेवलंय असं दिसलं तर मात्र गप्प बसू नका. कलम १०१ खाली कुणीही ठाण्यात कळवू शकतो, अधिकाऱ्याने तसा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यायचा असतो, आणि तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश तेच देऊ शकतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्रीचा व्हिडिओ फिरत असेल तर तो आजच काढून टाका.

मुलगा आता सावरला असेल तर त्याच्या ओळखीच्या एकाने, वडील आणि तो असे तिघं बसून, एक कागद करावा. त्याची संमती नसेल तर करू नका. त्यात त्याच्याच शब्दांत: बिघडायला लागलं की पहिल्यांदा काय होतं, तेव्हा कुणी आलेलं चालेल आणि कुणी मुळीच नको, कशाने बरं वाटतं, कुठला स्पर्श, कुठला शब्द सहन होत नाही. खाली डॉक्टरांचा नंबर, औषधांची नावं आणि डोस, प्रतिनिधीचं नाव, जवळच्या इस्पितळाचं दार. एक प्रत घरी, एक त्या मित्राकडे. कमिटीच्या फाइलला नको. दर तीन महिन्यांनी किंवा औषध बदललं की नवा कागद करायचा, जुना फाडायचा.